ताळा

बेरीज ही गणितातली गरीब गाय. भागाकार शिंगे रोखतो, अपूर्णांक लाथा झाडतात, भूमितीजवळ जायचे तर आधी मनाची तयारी करावी लागते; पण बेरजेच्या पाठीवरून कोणीही हात फिरवावा. मी तेहतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. इतक्या वर्षांत बेरीज शिकवल्याबद्दल कोणी माझे आभार मानल्याचे मला आठवत नाही. (पाढ्यांबद्दल मात्र एकाने मानले. तो आता किराणा दुकान चालवतो.)

म्हणूनच गेल्या दसऱ्याला माझा भाचा जेव्हा म्हणाला, "आत्या, याची परीक्षाच घ्यायची ना, मग अगदी सोपे काहीतरी सांग. दोन संख्यांच्या बेरजेचा प्रोग्रॅम लिहायला सांग," तेव्हा मला थोडे हसूच आले. ज्याच्या कीर्तीने वर्तमानपत्रांचे रकाने भरताहेत, त्याला विचारायचे काय, तर बेरीज! एखाद्या शास्त्रीबुवांना घरी बोलावून 'अ आ ई' म्हणून दाखवा म्हणावे, तशातला हा प्रकार.

हा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंग शिकतो. अमरावतीहून यवतमाळला येताना वाटेत आमचे नेर लागते. धुळ्याकडेही एक नेर आहे, म्हणून जुनी माणसे आमच्या गावाला अजून नेर परसोपंत म्हणतात. सुट्टी लागली की हा पोरगा यवतमाळची बस पकडतो आणि आईच्या आधी आत्याकडे उतरतो. या वेळी त्याच्या लॅपटॉपमधून तो एक नवा पाहुणा घेऊन आला होता: विचारले की उत्तर देणारा, सांगितले की लिहून देणारा यंत्रसहायक. २०२२ सालच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आला आणि पाठोपाठ त्याची भावंडे निघाली, त्यांपैकीच हा एक. आमच्या घरात त्याचे नाव दुसऱ्याच दिवशी पडले, 'कारकून'. न थकणारा, न रुसणारा आणि चहा न पिणारा कारकून म्हणजे काय चीज आहे, हे ज्याने कचेरीत नोकरी केली त्यालाच कळेल. आमच्या ह्यांनी अठ्ठावीस वर्षे केली, तेव्हा नाव त्यांनीच ठेवले.

या कारकुनाची विद्या मोठी गमतीची आहे. त्याने अफाट मजकूर वाचलेला असतो आणि पुढ्यातल्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याजोगा आहे, याचा अंदाज बांधत बांधत तो लिहीत जातो. मी म्हटले, "म्हणजे हा पाठांतरवाला!" असे विद्यार्थी मी खूप पाहिले आहेत. बारा बारे विचारा, एकशे चव्वेचाळीस ओठांवर तयार. सत्तेचाळीस गुणिले अठ्ठावन्न विचारा, की तो खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे पाहू लागतो. या सहायकांचेही सुरुवातीला तसेच होते. लहान बेरजा बिनचूक. आकडे लांबलचक झाले की उत्तर चुकायचे, आणि तेही मोठ्या ऐटीत. म्हणून जाणते लोक त्याला उत्तर विचारीत नाहीत, रीत लिहायला सांगतात. ती रीत म्हणजे प्रोग्रॅम. तो संगणक चालवतो, आणि संगणक अंदाज बांधीत नाही, मुकाट्याने मोजतो. ही गोष्ट ऐकल्यावर कारकुनाबद्दल माझे मत जरा बरे झाले. ज्याला आपले पाठांतर कुठे संपते ते ठाऊक आहे आणि जो तिथून पुढे पाटी-पेन्सिल हातात घेतो, तो पोरगा पास होतो.

आम्ही बसलो परीक्षेला. पायथॉन नावाच्या भाषेत त्याने दोन ओळींत बेरीज लिहून दिली. या भाषेशी अजगराचा संबंध नाही, इंग्लंडमधल्या एका विनोदी नटमंडळींच्या नावावरून ती ओळखली जाते. पहिली ओळ म्हणते, मला दोन संख्या दे. दुसरी म्हणते, त्या मिळवून परत कर. पाच आणि सात दिले, बारा आले. यात काय पाहायचे? पण परीक्षकाचा स्वभाव जात नाही. मी म्हटले, "मी देवनागरीत अंक लिहिले तर?" भाच्याला वाटले, आता गाडी अडणार. मी १२ आणि १३ आपल्या लिपीत टंकले, आणि काय सांगू, २५ हजर! या भाषेला आपले अंक कळतात. उत्तर मात्र तिने इंग्रजी अंकांत दिले. सासरी आलेल्या मुलीने माहेरची बोली समजावी, पण बोलू नये, तसे.

मग मी विचारले, अंकांऐवजी कोणी अक्षर म्हणूनच २ आणि ३ दिले, तर? कारकुनाने लगेच सावध केले, की तसे झाल्यास उत्तर २३ येईल, म्हणून आधी त्यांची संख्या करून घ्यावी. मला मोठी मौज वाटली. पहिलीत दर वर्षी दोनतीन पोरे हेच करतात. दोन आणि तीन किती, असे विचारले की पाटीवर शेजारी शेजारी २ आणि ३ लिहून मोकळी! शेजारी बसणे आणि एकमेकांत मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे माणसाला सहा वर्षांचा झाल्यावर कळते. यंत्राला ते दर वेळी सांगावे लागते.

आता मला जोर चढला. मी कपाटातून लीलावती काढली. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० सालचा. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तेव्हा हे आपल्याच मुलखातले गणित म्हणायचे. त्यात बेरजेचे जे उदाहरण आहे ते असे: दोन, पाच, बत्तीस, एकशे त्र्याण्णव, अठरा, दहा आणि शंभर मिळून किती? उत्तर ३६०. ते दहा हजारांतून वजा केले की राहतात ९६४०. मी नुसते आकडे दिले. प्रोग्रॅम दोन ओळींचा चार ओळींचा झाला आणि दोन्ही उत्तरे बरोबर आली. नावगाव मात्र त्याने आपण होऊन काढले नाही. "हे आकडे कुठले?" असे विचारल्यावर भास्कराचार्यांवर असा पानभर निबंध लिहून दिला, की मी त्याला शुद्धलेखनाचे गुणही दिले असते.

उत्तर बरोबर आले म्हणून थांबेल ती मास्तरीण कसली? माझ्या वडिलांनी मला नवाचा ताळा शिकवला होता. ते कापसाच्या आडतीत दिवाणजी होते आणि ताळा केल्याशिवाय वही मिटणे त्यांच्या लेखी पाप होते. ज्यांना हा ताळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक संख्येतले अंक मिळवायचे आणि त्यातून नऊ टाकीत जायचे. २ चे दोन, ५ चे पाच, ३२ चे पाच, १९३ चे तेरा म्हणजे चार, १८ चे शून्य, १० चा एक, १०० चा एक. सगळे मिळून अठरा, म्हणजे शून्य. इकडे ३६० चे तीन आणि सहा नऊ, म्हणजे शून्य. ताळा जमला! पण वडील असेही सांगत, की ताळ्यावर फार विसंबू नये. घाईत ३६० च्या जागी ६३० लिहिले गेले, तरी ताळा जमतोच. अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही. ताळा नाही जमला तर चूक आहे हे नक्की. जमला तर चूक नाही हे नक्की नव्हे. प्रोग्रॅमची परीक्षा घेण्याबद्दल डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास हेच म्हटले, असे भाच्याने सांगितले: परीक्षेने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही. वडिलांना हे ऐकून बरे वाटले असते.

यानंतर भाच्याने एक ठेवणीतला प्रश्न काढला. संगणकाला म्हणावे, एक दशांश आणि दोन दशांश मिळव. उत्तर काय यावे? तीन दशांश. आले काय, तर ०.३०००००००००००००००४! तीनानंतर पंधरा शून्ये आणि शेवटी एक चार, लग्नाच्या पंगतीत न बोलावता येऊन बसलेला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. कारण विचारले तेव्हा कारकुनाने समजावले, आणि चांगले समजावले. आपण एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो, तर ०.३३३ असे लिहीत जन्म जाईल, संपणार नाही. संगणक मोजतो दोनाच्या पटीत, आणि त्या रीतीत एक दशांश असाच कधी संपत नाही. मग तो कुठेतरी शेपूट तोडतो. तोडलेल्या शेपटांची बेरीज झाली की असा एखादा चार उगवतो. म्हणून पैशाच्या हिशेबात, तो म्हणाला, रुपये दशांशात ठेवू नयेत. सगळ्याचे पैसे करावेत आणि पूर्ण संख्या मिळवाव्यात.

हे वाचताना मला वडिलांची उतरती मेजफळी आठवली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया होता. तीन रुपये अकरा आणे नऊ पै आणि दोन रुपये सात आणे सहा पै मिळवायचे, तर आधी पै: नऊ आणि सहा पंधरा, म्हणजे एक आणा, उरल्या तीन पै. मग आणे: अकरा, सात आणि हातचा एक, एकोणीस, म्हणजे एक रुपया, उरले तीन आणे. मग रुपये सहा. सहा रुपये तीन आणे तीन पै. एकाच बेरजेत दोन तऱ्हेचे हातचे! बेरजेत जी काही अक्कल लागते ती सारी या हातच्यात. फ्रान्समध्ये पास्कलने १६४२ पासून वडिलांच्या करवसुलीच्या हिशेबासाठी बेरजेचे यंत्र करायला घेतले, तेव्हा त्याच्या चाकांनाही हाच हातचा पुढच्या घरात ढकलताना घाम फुटला होता. मी आणे-पैंचा प्रोग्रॅम कारकुनाला सांगितला. त्याने सगळ्याच्या पै केल्या, मिळवल्या, आणि पुन्हा फोडून दिल्या. एकदाही अडला नाही.

मराठीतही मी त्याला पकडून पाहिले. सव्वाशे, पावणेदोनशे आणि अडीचशे मिळून किती? म्हणाला, साडेपाचशे. ज्या शब्दांपुढे शहरातली मराठी पोरे हल्ली पाठ फिरवतात, ते त्याला पाठ! शेवटी मी जरा वाईट वागले. सात आणि पाच बारा, असे त्याने सांगितल्यावर ठणकावून म्हटले, "चूक! तेरा होतात. मी गणिताची शिक्षिका आहे." हे यंत्र माणसाला खूश ठेवण्याच्या नादात मान डोलावते, असे कानावर होते. पण नाही. अदबीने त्याने सांगितले, की बाराच होतात. पोरगा वर्गात पहिला येण्याच्या लायकीचा, असे माझे मत झाले.

आणि मग शनिवार उजाडला.

सीतादही होऊन आमच्या शेतात वेचणी सुरू झाली होती. सहा बाया येत. संध्याकाळी बांधावर प्रत्येकीचा कापूस काट्याला लावायचा आणि वजन वहीत मांडायचे. सालदार काटा धरतो आणि त्याचा मुलगा लिहितो. त्या आठवड्यात आमच्याकडे किलोला दहा रुपये वेचणी होती, आणि चुकारा शनिवारी. दिवाळी तोंडावर. त्या पैशात कोणाचे तेल, कोणाच्या पोराचा सदरा, कोणाचे जावयासाठी काही. सहा बाया, सहा दिवस, छत्तीस आकडे. भाच्याने वहीच्या पानाचा फोटो काढला. कारकुनाने आकडे वाचून घेतले, किलोचे ग्रॅम केले, आडव्या बेरजेने प्रत्येकीचा कापूस काढला, उभ्या बेरजेने प्रत्येक दिवसाचा. आडव्या बेरजांची बेरीज ६१२ किलो ३५० ग्रॅम. उभ्या बेरजांचीही ६१२ किलो ३५० ग्रॅम. कोपऱ्यातल्या घरात दोन्ही आकडे येऊन मिळाले. याला म्हणतात ताळा! एरवी मला तासभर लागला असता. ६१२३ रुपये ५० पैसे.

मी ओसरीवर एकेकीचा हिशेब वाचून दाखवू लागले. चौथ्या नावाला आले. सहांत सर्वांत वडील, सत्तरीकडे झुकलेली बाई. हिचा नातू माझ्या हाताखालून गेला. सोमवार, मंगळवार असे मी वाचत होते. ती मध्येच म्हणाली, "बाई, थो आठ माहा नाही."

भाचा म्हणाला, "आजी, हिशेब दोन्हीकडून तपासला आहे. एका ग्रॅमचाही फरक नाही."

"थे बराबर असंन बापा. पन मंगळवारी सूनबाई होती संगं. दोघीईचा कापूस एकाच गाठोड्यात मोजला. आठ किलोत दोघी बाया काय वावरात झोपलो होतो काय?"

बाकीच्या बाया हसल्या. एकीने साक्ष दिली, दुसरी म्हणाली, मला आठवत नाही. घरात आणून टाकलेला कापूस पुन्हा मोजून हे ठरण्याजोगे नव्हते. सकाळच्या दवातला ओला कापूस दोन दिवसांत वाळून हलका होतो, आणि सहाजणींचा ढीग एकच. आमचे हे उठून वही घेऊन दारात उजेडाला गेले. कागद त्यांनी तिरपा धरला. मग मला हाक मारली. आठाच्या डावीकडे, शाई नसलेली एक उभी रेघ कागदात रुतली होती. अंधारात लिहिताना पेनने दगा दिला होता. हात चालला, शाई उतरली नाही. फोटोत ती रेघ येणे शक्यच नव्हते. ती बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती.

अठरा. दहा किलोंचे शंभर रुपये.

भाच्याचा चेहरा उतरला. पण त्याने एक चांगले केले. वाद घालीत न बसता तो पुन्हा कारकुनाकडे गेला. आधी त्याला एवढेच विचारले, की मालकांचे म्हणणे आठच बरोबर, तर काय करायचे? कारकून म्हणाला, नोंद आठची असेल तर आठच धरावेत. सात-पाच बारांवर ज्याने माझे ऐकले नव्हते, त्याने इथे सरळ मान तुकवली. त्याला दोष तरी काय देणार? बारा त्याला ठाऊक होते. मंगळवारी बांधावर तो नव्हता. मग भाच्याने विचारले, या छत्तीस आकड्यांत कोणता वेडावाकडा वाटतो? त्याने दोन काढले. एक हाच मंगळवारचा आठ. दुसरा शुक्रवारचा सहा, सर्वांत तरुण बाईच्या नावापुढचा.

म्हणजे न विचारता गप्प बसलेला हा कारकून विचारल्यावर बोलला! हे माझ्या मनाला लागून राहिले. बेरीज करायला सांगितली, बेरीज केली. संशय घ्यायला सांगितले, संशय घेतला. आमच्या शाळेतल्या हुशार पोरांचेही असेच असते. उदाहरणात तीन मजूर साडेचार दिवसांत विहीर खणतात, असे उत्तर आले की ती मान डोलावतात. दोन मजूर आणि एक तृतीयांश मजूर आला तरी मान डोलावतात. हा तिसरा हिस्सा मजूर कुठून आला, हे विचारणारे पोर दहा वर्षांत एखादे.

आम्ही त्या तरुण बाईकडे वळलो. ती एकदम कावरीबावरी झाली. तिला वाटले, तिचे कापायचे की काय. मग म्हणाली, "माहे सहा खरे हायेत बाई. पोराले ताप होता, दुपारीच घरी गेली मी." सालदाराने मान हलवली. मी वहीत सहाच्या भोवती बरोबरची खूण केली. कारकुनाने दोन्ही आकडे सारखेच संशयित ठरवले होते. दोन्हींची त्याला सारखीच माहिती, म्हणजे सारखीच नाही. एक खोटा निघाला, एक खरा, आणि ते सांगणाऱ्या दोघी ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या.

६२२३ रुपये ५० पैसे झाले. म्हातारीने आपल्या नोटा दोनदा मोजल्या, आणि मग माझ्या हाती देऊन मला मोजायला लावल्या. तिचा मुळी स्वभावच तसा. साठ-सत्तर वर्षे दुसऱ्याच्या वहीत स्वतःचा आकडा लिहून घेणाऱ्या बाईला दुसरा स्वभाव असून भागत नाही.

कारकून आमच्याकडे राहिला आहे. यंदाही छत्तीस आकडे तोच मिळवतो, आणि मला शनिवारी फराळाचे करायला तास मोकळा मिळतो, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. भाच्याने प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: कोणताही आकडा त्या बाईच्या नेहमीच्या निम्म्याहून कमी आला, की यंत्र थांबून विचारते. बांधावरही एक रीत पडली आहे. काटा स्थिर झाला की सालदार वजन सांगतो, बाई ते मोठ्याने म्हणते, आणि मगच मुलगा लिहितो. म्हातारी नुसते वजन म्हणत नाही. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली नातवाची वाट पाहत बसताना तिने पोरांचे घोकणे ऐकले असावे. आकडा कोणताही असो, ती त्याची फोड करून सांगते, "एकावर सात, सतरा! लिव्ह, एकावर सात!" आणि पोरगा पेन दाबून आधी एक काढतो.